मागचं दार

"खरं सांग बा, गाडी कोण उघडतं?"

प्रविणने हे सकाळपासून चौथ्यांदा विचारलं. हाल्या ओट्यावर बसून दोर वळत होता. त्याने मान वर केली नाही.

"मना काय ठावं? मी हातसुद्धा नाय लावत."

एवढं म्हणून त्याने कमरेच्या फडक्याची गाठ सोडली, त्यातली गाडीची चावी काढली आणि लेकाच्या पायाशी ठेवली. प्रविणने ती उचलून खिशात टाकली. बाप खोटं बोलतोय हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं.

गाडी जुनी, दोन वर्षांपूर्वी घेतलेली. पालघरला बिल्डिंगखाली लावायला जागा नाही, म्हणून ती डहाणूजवळच्या पाड्यावर, बापाच्या अंगणात कव्हर पांघरून उभी असायची. ऑफिसात मात्र प्रविण सांगायचा की आय-बाच्या सोयीसाठी गावी ठेवलीय. त्या दोघांना गाडी चालवता येत नव्हती, पण तेवढं कोण विचारतं! पंधरा दिवसांनी हा यायचा, चावी फिरवायचा आणि गाडी ढिम्म. नवी बॅटरी घातली, तीही बसली. आज त्याने ठरवूनच टाकलं होतं की गाडी सुरू झाली की थेट पालघरला न्यायची. रस्त्यावर उभी राहील, पण बापाच्या हाती नको.

तलासरीचा मेकॅनिक चिमण मोटरसायकलला भरलेली बॅटरी बांधून आला. कव्हर ओढून काढलं, बॉनेट उघडलं, बॅटरी बदलली आणि तिची काळी वायर सोडवून मधे मीटर लावला.

"बंद गाडीत हा आकडा पन्नासच्या आत पाहिजे, प्रविणभाय. बघा, आठशे! कोणतरी बसल्या जागी बॅटरी पितोय."

"कोण?"

"तेच पकडायचंय."

चिमण एकेक फ्यूज उपटून बघू लागला. हॉर्न काढला, टेप काढला, वायपर काढला. आकडा जागचा हलेना. सातवा फ्यूज उपटला आणि आकडा एकदम खाली आला.

"आतली बत्ती!" चिमणने फ्यूज परत बसवला आणि गाडीभोवती फिरला. मागच्या डाव्या दाराशी थांबून त्याने बोट लावून दाखवलं. दार लागल्यासारखं दिसत होतं, पण बोटभर बाहेर होतं. "अर्धवट लागलंय. कव्हरखाली रात्रंदिवस जळत असणार. कोणाला दिसणार?"

त्याने दार उघडलं. आत सीटखाली पाल्याचा ढीग होता. खालचा वाळून चुरा झालेला, वरचा कालपरवाचा, अजून हिरवा.

"हा काय कचरा?"

प्रविणने वाकून मूठभर पाला उचलला. निरगुडी. भाताच्या कणगीत बा दरवर्षी घालायचा, कीड-उंदीर लागू नये म्हणून. आणि मग प्रविणला आठवलं. पावसाळ्यात फोनवर तोच म्हणाला होता, "बंद गाडीच्या वायरी उंदीर खातात, बा. लक्ष ठेव." म्हणाला आणि विसरून गेला. म्हातारा विसरला नव्हता. दोन दिवसाआड रानातून पाला आणत होता, कव्हर उचलून आत घालत होता, आणि वर विचारलं की हातसुद्धा लावत नाही म्हणत होता.

"एवढी काळजी घेतात काका," चिमण हसला, "मग दार का नीट लावत नाय? जरा ओढून आपटलं की झालं."

दार का आपटलं जात नाही, हे या पाड्यावर प्रविणइतकं कोणालाच ठाऊक नव्हतं. गेल्या वर्षी त्याच्या बायकोच्या, निलमच्या भावाचं लग्न होतं. मांडवासमोर गाडी थांबली, हाल्या नव्या टोपीत उतरला आणि त्याने बैलगाडीचं फाळकं लावावं तसं दार धाडकन लावलं. ऑफिसातले दोघं-तिघं शेजारीच उभे होते. "फाटक हाय का ते? बापजन्मी गाडी पाह्यली नाय का?" प्रविण ओरडला होता. सगळे हसले. हाल्याही हसला होता, टोपी सारखी करत. परतताना तो एसटीने आला. ओळखीची मंडळी भेटली म्हणून थांबलो, म्हणाला.

मूठभर पाला हातात घेऊन प्रविण उभा राहिला. खिशातली चावी त्याला मांडीला टोचत होती. आत्ता ओट्याकडे जावं, चावी परत द्यावी, चुकलो म्हणावं, एवढंच करायचं होतं. पण बापाला चुकलो म्हणायची सवय नव्हती आणि पाय उचलेना. स्वतःची त्याला शिसारी आली.

"हे असं," चिमण म्हणाला, आणि त्याने दार धाडदिशी लावलं.

ओट्यावर दोर खाली पडला. हाल्या धावतच आला, अनवाणी. प्रविणकडे त्याने बघितलंही नाही. त्याने चिमणचा दंड धरला, त्याला दोन पावलं बाजूला ओढलं आणि त्याच्या कानाशी लागून, लेकाला ऐकू जाऊ नये इतक्या दबक्या आवाजात म्हणाला,

"हळू लाव रं, बाबा. तो चारचौघांत बोलतो."