शेजारणीची खरेदी

तृप्ती दुकानात शिरली आणि कुमुद बाहेरच काचेपाशी थांबली. तिला आत जाऊन चालणार नव्हतं. इथली मालाची फळी समोरच्या गिऱ्हाइकाची नाडी ओळखून किंमत दाखवायची. ज्याला निकड जास्त, त्याला किंमतही जास्त. कुमुद समोर आली की औषधी दुधाचा तीनशेचा डबा दोन हजारांवर जायचा.

म्हणून सोसायटीतल्या बायका एकमेकींची खरेदी करायच्या. कुणासाठी, कशाला, हे कुणी विचारायचं नाही. वरच्या मजल्यावरची तृप्ती वर्षभर निर्विकारपणे हा डबा आणून देत होती आणि कुमुद तिचं सामान आणत होती.

संक्रांतीला मात्र कुमुदला राहवलं नाही. एवढं करतात सगळ्या, हळदीकुंकवाला तरी बोलवावं. तृप्ती आली, तेव्हा आतल्या खोलीत आजारी पडून असलेल्या कुमुदच्या पाच वर्षांच्या लेकीने, इराने, तिच्या हातावर तिळगूळ ठेवला. "गोड बोल हं, मावशी."

आता काचेपलीकडे तृप्तीने डब्याकडे नेलेला हात मागे घेतला. ती बिस्किटांपाशी उगाच रेंगाळली, खोटी जांभई दिली, पुन्हा फळीसमोर उभी राहिली. शेवटी रिकाम्या हातांनी बाहेर आली.

"एकोणीसशे दाखवतंय, ताई," ती रडवेली होऊन म्हणाली. "खूप प्रयत्न केला हो. पण इरा डोळ्यांसमोरून हलतच नाही."

आता कुणाला पाठवावं? कुमुद मनातल्या मनात सोसायटीतलं एकेक दार आठवू लागली.

हळदीकुंकवाला सगळ्याच आल्या होत्या.