पोटाचा चौथा हिस्सा

“अगं, मिरपूड!” बाहेरून सातवी हाक आली आणि तिच्या पोटातली सकाळपासूनची जळजळ थेट डोक्यात गेली.

ती ओट्याशी उभी राहून गार झालेलं सूप गिळत होती. बाहेर टेबलाशी तिचा नवरा जेवायला बसला होता. ज्यूंच्या प्रार्थनामंदिरात, सिनेगॉगमध्ये, धर्मशास्त्र शिकवायचा, म्हणून सगळे त्याला मास्तर म्हणत. आज अपचनाने हैराण झालेले घड्याळजी सल्ला विचारायला आले होते, जेवायलाही बसले होते आणि मास्तरांची कळी खुलली होती.

“आपल्या जुन्या जाणकारांनी सगळं सांगून ठेवलंय,” मास्तर म्हणाले. “खावं ते बसून. सावकाश चावून. आणि पोटाचा चौथा हिस्सा रिकामा आहे तोवर उठावं. अगं, ऐकलंस का? मिरपूड!”

ऐकलं होतं. बावीस वर्षं ऐकत होती. सकाळी डॉक्टरीणबाईंनी विचारलं होतं, “बसून जेवता ना?” ती ‘हो’ म्हणाली होती. आपण खोटं का बोललो, याचा तिला आता भयंकर राग आला.

तिनं वाटी खाली ठेवली. दोन कानांच्या भांड्यातून दोन्ही हातांवर पाणी घेतलं, प्रार्थना पुटपुटली, हात पुसले. मग वाटी उचलून बाहेर आली. तिसऱ्या खुर्चीवर मास्तरांच्या पोथ्यांचा ढीग होता. पोथ्या जमिनीवर ठेवायच्या नसतात, म्हणून तिनं त्या मास्तरांच्या मांडीवर ठेवल्या आणि खुर्चीत बसली.

“हे काय? मिरपूड कुठंय?”

ती बोलली नाही.

“अगं, तुला विचारतोय मी!”

“वहिनींनी हात धुतलेत, मास्तर,” घड्याळजी हळूच म्हणाले. हात धुतले की पावाचा पहिला घास गिळेपर्यंत बोलायचं नाही, ही रीत त्यांना मास्तरांनीच शिकवली होती.

तिनं आशीर्वाद म्हटला, टेबलावरचा पाव मोडला, मिठाला लावला, तोंडात घातला. चावत राहिली. मास्तर पोथ्या सांभाळत तिच्या जबड्याकडे बघत बसले. अखेर तिनं घास गिळला.

पाहुण्यासमोर शोभा नको म्हणून मास्तर हसले. “राग आलेला दिसतोय. रागात जेवू नये बरं, अन्न अंगी लागत नाही. हेसुद्धा सांगितलंय.”

“ते पाळलं असतं, तर बावीस वर्षं उपाशीच राहिले असते मी.” तिचा आवाज कापत होता. कापू दे, तिला वाटलं. “पोटात जखम झालीय माझ्या. सकाळी कळलं. जखम कशानं झाली, ते तुमच्या जाणकारांना विचारा.”

घड्याळजींनी चमचा खाली ठेवला.

“तुमच्या पोटाचा चौथा हिस्सा अजून रिकामा असेल ना?” ती म्हणाली. “मग उठा. मिरपूड ओट्यावर आहे.”

मास्तरांनी पोथ्या घड्याळजींच्या मांडीवर दिल्या आणि ते आत गेले. आतून बरण्यांचा आवाज येऊ लागला. एक झाकण उघडलं, मग दुसरं, मग तिसरं.

“अगं, यातली मिरपुडीची बरणी कुठली?”

तिनं दुसरा घास तोंडात घातला होता. ती तो सावकाश चावत होती.