सकाळचा मेलानिप्पस वेगळा

मेलानिप्पस ट्रॉयच्या वेशीबाहेर मारला गेला. पण ते ऐकलंच नाही असं धरा, कारण अजून तो धडधाकट आहे, फक्त एका ग्रीक सैनिकाचा भाला त्याच्या गळ्याला टेकलाय.

"मारण्याआधी नाव सांग," रिवाजाप्रमाणे ग्रीक सैनिक म्हणाला.

"मेलानिप्पस."

"त्याला तर मी सकाळीच मारलं." वैतागून ग्रीकाने भाला खाली घेतला. "मेलेल्याला मारून कसली कीर्ती? जा बाबा घरी."

मेलानिप्पस चार पावलं गेला. पण भलत्याच माणसाचं मरण आपल्या नावावर जमा व्हावं, हे त्याला सहन होईना. तो वळला. "तो वेगळा. मी हिकेताओनचा मुलगा."

"आधी नाही का सांगायचं," म्हणत ग्रीकाने भाला फेकला.

कोसळताना मेलानिप्पस म्हणाला, "दोन्ही मरणं कृपया स्वतंत्र धरण्यात यावीत, ही नम्र विनंती."