घाटमाथा

दत्ताराम शिगवणांनी एसटीच्या ड्रायव्हरकीतून निवृत्त झाल्यावर घेतलेल्या पेट्रोल गाडीचं इंजिन सुनेनं, प्रणोतीनं, उघडलं, तेव्हा ते तिच्याशी बोलेनासे झाले. प्रणोतीचं चिपळुणात स्वतःचं गॅरेज होतं. घाटात धापा टाकणाऱ्या त्या इंजिनाला तिला टर्बो बसवायचा होता. अण्णांनी हो म्हटलं होतं, पण मुलाच्या आग्रहापायी.

"बाहेर वाया जाणाऱ्या धुरावर पंखा फिरतो, अण्णा, आणि इंजिनात जास्तीची हवा कोंबतो," तिनं तेव्हा समजावलं होतं.

"जुनं इंजिन आहे. फुटेल," एवढंच ते म्हणाले होते.

ती भीती तिलाही होतीच. म्हणून तिनं हवेचा दाब मुद्दाम कमी ठेवला, तेलाची नवी लाइन टाकली, पेट्रोलचं सेटिंग पुन्हा पुन्हा तपासलं.

आज कुंभार्ली घाटाच्या पायथ्याशी तिनं किल्ली त्यांच्यापुढे धरली. "तुम्हीच चालवा."

पहिल्या मोठ्या चढावर त्यांचा हात सवयीनं दुसऱ्या गिअरकडे गेला.

"तिसऱ्यातच राहू द्या," ती म्हणाली.

त्यांनी ॲक्सिलरेटर दाबला. बारीक शिट्टी वाजली आणि कुणी मागून ढकलल्यासारखी गाडी सुटली. प्रणोतीची नजर तापमानाच्या काट्यावर खिळली होती. काटा जागचा हलला नाही. रस्ता मोकळा दिसताच अण्णांनी पुढचा ट्रक मागे टाकला आणि स्वतःशीच हसले.

माथ्यावरच्या चहाच्या टपरीपाशी ती उतरायला निघाली, तर अण्णा गाडी वळवू लागले.

"अण्णा, आता कुठं?"

"खाली, पोरी. इथं चढ संपला ना!"