दाढ अर्धी हलली असताना

दाढ अर्धी हलली होती, तेवढ्यात पतंग आला. खिडकीच्या फटीतून आत शिरला, खुर्चीवरच्या दिव्याला दोनदा धडकला आणि काचेवर पंख पसरून बसला. राखाडी, जाड, केसाळ अंगाचा.

डॉक्टरबाईंचा हात पेशंटच्या तोंडातच थिजला. मग त्यांनी पक्कड अलगद बाहेर काढली, ट्रेमध्ये ठेवली आणि पाठ भिंतीला टेकेपर्यंत त्या मागे सरकल्या.

"त्याला बाहेर काढा," त्या मदतनीस बाईंना म्हणाल्या.

"कुणाला? ह्यांना?"

"पतंगाला!"

क्रेन चालवणारा एक धिप्पाड माणूस खुर्चीत आ वासून पडला होता. त्याचा अर्धा चेहरा बधिर. तो नुसते डोळे फिरवून कधी दिव्याकडे, कधी भिंतीकडे बघत होता.

मदतनीस बाईंना हसू आवरेना. "अहो मॅडम, एवढंसं पाखरू! ते काय चावतंय? एवढ्या मोठ्या तुम्ही..."

हेच. लहानपणापासून हेच. भाऊ मुद्दाम ओंजळीत धरून आणायचा. नवरा पाहुण्यांना किस्सा म्हणून रंगवून सांगायचा. चावत नाही हे डॉक्टरबाईंनाही ठाऊक होतं. पण ती फडफड, पंखांवरची ती पूड, कुठून कुठे झेपावेल याचा नेम नाही, हे कुणाकुणाला समजावायचं? आणि किती वेळा? त्यातून आणखी एक गोष्ट डाचत होती. मघाशी भूल देताना त्या स्वतःच क्रेनवाल्याला म्हणाल्या होत्या, "एवढे मोठे तुम्ही, आणि सुईला घाबरता?"

मदतनीस बाईंनी टॉवेल फटकारला. पतंग उडाला, छताला आपटला आणि थेट डॉक्टरबाईंच्या कानाजवळून गेला. पुढचं त्यांना कळलंच नाही. भानावर आल्या तेव्हा त्या बाहेर, बाकड्यांवर ताटकळलेल्या लोकांसमोर उभ्या होत्या. मास्क हनुवटीवर, हातमोज्यांना रक्त.

क्रेनवाल्याची बायको ताडकन उठली. "काय झालं ह्यांना?"

"काही नाही. ते बरे आहेत. आत पतंग आलाय. मला भीती वाटते त्याची."

कोपऱ्यातून कुणीतरी फिसकन हसलं आणि बाकडीच्या बाकडी हसायला लागली. बायकोही हसली, जिवात जीव आल्यासारखी. मग म्हणाली, "अहो, पण दाढेचं काय?"

डॉक्टरबाईंचे कान तापले. त्यांनी दाराच्या मुठीला हात लावला, काढला, पुन्हा लावला. पाय काही हलेनात. स्वतःच्याच पायांचा त्यांना इतका संताप कधी आला नव्हता.

दार आतूनच उघडलं. क्रेनवाला बाहेर आला. गळ्यात कागदी रुमाल, दातांत कापसाचा बोळा, ओठाच्या कोपऱ्यातून लाळ. उजवी मूठ अलगद मिटलेली. कुणाकडेही न बघता तो लोकांमधून चालत रस्त्यापर्यंत गेला आणि त्यानं मूठ उघडली. परत येऊन बेसिनवर साबण लावून हात धुतले, नखांसकट. मग ओले पंजे पुढून-मागून डॉक्टरबाईंना दाखवले.

तो हसला नाही. आत जाऊन खुर्चीत पडला आणि डोळे मिटून त्यानं तोंड उघडलं.

डॉक्टरबाईंनी नवे हातमोजे चढवले, पक्कड उचलली. आणि इतक्या वर्षांत कुणाला विचारलं नव्हतं ते विचारलं, "सुरू करू?"

त्यानं होकारार्थी मान हलवली. मग लगेच, घाईघाईनं, नकारार्थी.

पक्कड खाली घेऊन त्या थांबल्या.