फलकावरचा एक दिवा

हसवणाऱ्याच्या शब्दांनी कोण दुखावले, हे त्याला कळत नसे, तोवर त्याचे काम सोपे होते. आता पाहणाऱ्याचे मन दुखावले की त्याच्या घरचा दूरचित्रवाणीचा पडदा ते ओळखे आणि रंगमंचासमोरच्या फलकावर तांबडा दिवा लागे.

रात्रीच्या त्या लोकप्रिय गप्पांच्या कार्यक्रमात शाल्मली बर्वे प्रथमच उभी होती. पाच मिनिटांत सभागृह जिंकले, तरच पुन्हा बोलावणे येणार होते.

"आमच्या भाऊकाकांचे हात असे थरथरतात, की स्वयंपाकघरातून भरलेला कप निघतो आणि माझ्यापर्यंत अर्धाच पोचतो!"

सभागृह खदखदून हसले. फलकावर एक दिवा लागला.

सूत्रसंचालक यशोधर हळूच म्हणाले, "अहो ताई, दोन कोटी प्रेक्षकांत एकच दिवा! पुढचा विनोद घ्या, मिनिटभरच उरलंय."

शाल्मलीची नजर दिव्यावरून हलेना. कोठेतरी कोणी आपले थरथरते हात शालीखाली लपवले असतील, असे तिला वाटले. शेवटासाठी राखलेला हुकमी विनोद तिने सोडून दिला.

"काकांचं उत्तर मात्र मी तुमच्यापासून लपवलं," ती म्हणाली. "मी कुरकुरले, 'काका, चहा अर्धाच?' ते म्हणाले, 'उरलेला बशीत आहे, बयो. तुझे हात तर स्थिर आहेत ना? मग आजवर मला एकदा तरी चहा आणून दिलास का?'"

मग पहिल्याहून मोठा हशा उसळला, आणि या वेळी तो तिच्यावरच होता. यशोधर डोळे पुसत म्हणाले, "पुढच्या आठवड्यात या, काकांनाही आणा."

फलकावरचा दिवा विझला होता.

त्या अनोळखी घरातील थरथरत्या हातांना कोणाची तरी साथ लाभो, आणि शाल्मलीच्या वाणीला अशीच दृष्टी राहो.