शिव्या घालत, शेवटपर्यंत

पोरगं कशालाच नावं ठेवत नव्हतं. चहा कसा झालाय, तर चांगला. त्यात साखरेचा नुसता पाक झाला होता. कारखान्याचा साहेब कसा हाय, तर देवमाणूस. गेल्या पावसाळ्यात कृष्णेचं पाणी घराच्या सोप्यात शिरलं होतं म्हणे, म्हणून चिमणाबाईनं मुद्दाम विचारलं, "पूर कसा काय गेला, पावणं?" तर तो पोरगा, कृष्णात, खाली मान घालून म्हणाला, "चांगला गेला."

पूर चांगला गेला! चिमणाबाईनं कपबशी खाली ठेवली.

असल्या गोड तोंडाची तिला भीती वाटायची. थोरल्या जावयानंही असंच सगळं चांगलं म्हटलं होतं. जेवण चांगलं, पोरगी चांगली, सासू तर लाखात एक. वर्षाच्या आत त्यानं संयोगिताला ट्रंकेसकट माहेरी कळंब्याला आणून सोडलं, आणि उंबऱ्यात उभं राहून तिची एकेक खोट सांगितली. भाकरी जाड थापती. झोपेत बडबडती. संयोगिता अजून भाकरी थापताना कडा दाबून दाबून बघते.

आता राहिली धाकटी अक्षता. तिच्यासाठी शिरोळचं हे घर बघायला चिमणाबाई दिराला, आकारामला, घेऊन आली होती. घरात खोड काढायला जागा नव्हती. परड्यात म्हशी, दारात पाण्याची तोटी, पोरगा साखर कारखान्यात कॉम्प्युटरवर. आकाराम तिच्या कानाशी लागला.

"वैनी, सोन्यासारखं पोरगं हाय. शब्द देऊन टाकू."

"सोनं हाय का सोन्याचं पाणी, ते बघू द्या आदी," ती म्हणाली. बघण्यासारखं काही उरलंही नव्हतं. पुराचं उत्तर ऐकलं तेव्हाच तिनं मनात ठरवलं होतं. घरी जायचं आणि पत्रिका जुळत न्हाई म्हणून निरोप धाडायचा. कुणाचं मन दुखायला नको.

पोराच्या आईला, शालूबाईला, माडी दाखवायची हौस होती. नाही कसं म्हणायचं? सगळे वर गेले. खिडकीजवळ कॉम्प्युटर होता, त्यावर विणलेला रुमाल. शेजारी सीड्यांची चळत. चिमणाबाईनं वरची सीडी उचलली. कव्हरवर घोड्यावर बसलेला माणूस होता.

"ह्ये काय म्हणायचं, पावणं?"

"खेळ हाय, मावशी. कॉम्प्युटरवरचा. पयले दोन भाग त्या चळतीत हाईत. तुमच्या हातात हाय त्यो तिसरा."

"कसा हाय?" तिनं विचारायचं म्हणून विचारलं.

"बेकार हाय."

चिमणाबाईनं चष्मा वर केला.

पोरगं सुटलंच. पहिल्या दोन भागांत घोडी कशी वाऱ्यासारखी पळायची, आणि ह्यात भिंतीला तोंड लावून जाग्यावरच पाय हलवत राहती. नदीत घातली तर पाणी उडत न्हाई. वैरी आपल्याकडं पाठ करून उभे, म्हणजे मारण्यात काय राम? गोष्ट तर निम्म्यावरच गुंडाळली. वर्षानुवर्षं वाट बघायला लावली आणि ह्ये असं हातात दिलं! बोलता बोलता त्याचा आवाज चढला, हात हवेत फिरायला लागले. शालूबाई डोळ्यांनी त्याला दाबत होती. शेवटी तिला राहवेना.

"आरं, गप की! सकाळपास्नं सांगून ठेवलंतं, पावण्यांच्या म्होरं कशाला नावं ठेवू नगंस म्हणून!"

कृष्णातनं जीभ चावली.

"बोलू द्या त्यास्नी," चिमणाबाई म्हणाली आणि पलंगावर ऐसपैस बसली. आल्यापासून ती पहिल्यांदाच पाठ टेकून बसली होती. "येवढा वाईट हाय, तर टाकून का न्हाई दिला?"

"टाकून?" त्याला प्रश्नच उमगला नाही. "आवं मावशी, टाकीन कसा? आमचाच खेळ हाय की त्यो."

"मग अर्ध्यावर सोडला आसंल."

"न्हाई, शेवटपातूर खेळलो. दोनदा."

आकाराम खो खो हसला. "वाईट म्हणतोय आन दोनदा खेळतोय! वैनी, ह्याचं डोस्कं तपासा."

चिमणाबाई हसली नाही. "दोनदा कशापायी?"

कृष्णातनं सीडी तिच्या हातातून घेतली. शर्टाच्या टोकानं तिच्यावरची धूळ पुसली.

"पयल्यांदा शिव्या घालत खेळलो. मग म्हटलं, आता ह्याच्यात चांगलं काय हाय त्ये तर बघू. एक घाट हाय, मावशी. तितं घोडी दमती. मग गडी खाली उतरतो आन लगाम धरून तिच्या संगट चालत जातो. पयल्या दोन्ही भागांत त्यो कवा उतरलाच न्हाई. नुसती पळवायचा तिला."

एवढं बोलून तो लाजला. सीडी चळतीवर ठेवायची ती खिशातच घालायला लागला.

चिमणाबाईच्या डोळ्यात पाणी आलं, आणि तिनं ते पदरानं असं पुसलं, जणू उकडतंय. पत्रिकेचा निरोपबिरोप ती विसरून गेली.

"वैनी, निघायचं न्हवं?" आकारामनं विचारलं.

"थांबा जरा." ती उठून पोरासमोर उभी राहिली. शालूबाईचा जीव टांगणीला लागला.

"ऐका, पावणं. आमची अक्षता तोंडाळ हाय. रुसली की दोन-दोन दिस बोलत न्हाई, आन बोलाय लागली की आठ दिस थांबत न्हाई. पुरणपोळी येती म्हणून सांगितलंय, त्ये माझं खोटं. भांडायचं तेवढं भांडा तिच्यासंगट. पोरगी दिली आमी."